प्रेसवर बोट गेलं. ट्रेनिंग नेमकं कुणाला द्यायचं?

प्रश्न विचारणारे बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका शीटमेटलच्या कारखान्यात प्रॉडक्शन इंजिनिअर आहेत. माणसं 85 च्या आसपास, त्यांतली निम्म्याहून जास्त ठेकेदाराची. आठ पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारी, आकार देणारी मशीनं), पत्रा कापायचं एक शिअरिंग मशीन, ड्रिलिंग, वेल्डिंग आणि मागच्या बाजूला पेंटिंग. गेल्या सहा महिन्यांत तीन अपघात झाले. प्रेसवर एकाच्या तर्जनीचं पेर गेलं, ड्रिलवर एकाचा हातमोजा गुंडाळला जाऊन मनगट मोडलं आणि ग्राइंडरची चकती फुटून एकाच्या गालाला टाके पडले. शेठ म्हणाले, ट्रेनिंग करून टाका. मग सगळ्यांना हातमोजे आणि गॉगल वाटले, भिंतींवर बोर्ड लागले, बाहेरचा माणूस बोलावून दोन तासांचं व्याख्यान झालं. "तरी माणसं ऐकत नाहीत," अशी त्यांची तक्रार आहे. ट्रेनिंगमध्ये कोणते विषय घ्यावेत, वर्षातून किती वेळा, आणि सेफ्टी ऑफिसर ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे का, हे त्यांना हवं आहे.

कायद्याचं आधी उरकतो, कारण ते सोपं आहे. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात सेफ्टी ऑफिसरची अट 1000 कामगारांपासून पुढे होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत हा आकडा 500 वर आला आहे, धोकादायक प्रक्रिया असेल तर 250 वर. तुम्ही 85 आहात, तेव्हा तुमच्यावर सक्ती नाही. पण त्यावर खूश होऊ नका. मशीनला गार्ड लावणं, माणसाला त्याच्या कामातला धोका सांगून त्याला शिकवणं, 48 तास किंवा त्याहून जास्त माणूस कामावर येऊ शकला नाही तर त्या अपघाताची खबर कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयाला देणं, यातलं काहीही माणसं कमी आहेत म्हणून टळत नाही. "तो आमचा नाही, ठेकेदाराचा आहे" हे वाक्य गेटवर चालतं, चौकशीत चालत नाही.

आता मूळ गोष्ट. तुमच्या पत्रात तीन अपघातांना मिळून सहा ओळी आहेत आणि ट्रेनिंगवर दोन पानं. हे उलट व्हायला हवं होतं. ज्या प्रेसवर बोट गेलं तिचा क्लच, म्हणजे फिरत्या चाकाची ताकद प्रेसला जोडणारा भाग, कोणता आहे, हे तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि मला ते पहिल्यांदा हवं होतं.

मकरपुऱ्यात काय, गोरव्यात काय, वाघोडियात काय, लहान कारखान्यांतल्या बहुतेक जुन्या मेकॅनिकल प्रेस पिन क्लचच्या असतात. पेडल दाबलं की पिन फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे सतत फिरणाऱ्या जड चाकात, शिरते आणि रॅम (खाली येऊन पत्रा दाबणारा भाग) एक पूर्ण फेरी मारूनच थांबतो. मध्येच थांबवायची सोयच नाही. तेव्हा अशा प्रेसला सेन्सरचा पडदा लावणं म्हणजे पैसे वाया. हात आत दिसला, सेन्सरने सिग्नल दिला, तरी रॅम खाली येणारच. मी असे पडदे लावलेल्या पिन क्लचच्या प्रेस पाहिल्या आहेत, हिरवा दिवा लागलेला आणि शेठजी निर्धास्त. सेन्सर चालतो तो हवेवरच्या फ्रिक्शन क्लचवर, जिथे स्ट्रोक अर्ध्यात ब्रेक होतो. तिथेही तो किती लांब बसवायचा याचं गणित आहे. माणसाचा हात सेकंदाला 1.6 ते 2 मीटर वेगाने आत जातो असं धरतात. प्रेसला थांबायला पाव सेकंद लागत असेल, तर पडदा डायपासून (पत्रा ज्यात दाबला जातो त्या साच्यापासून) 40 ते 50 सेंटिमीटर आणि वर थोडी भर, इतका लांब हवा. सोयीसाठी तो डायला चिकटवून बसवला की नुसती शोभा राहते.

पिन क्लचच्या प्रेसला एकच खरा उपाय: बोट आत जाऊच शकणार नाही अशी रचना. पट्टी आत सरकवायचं काम असेल तर डायभोवती पक्का गार्ड, त्याला पट्टीपुरती फट, आणि ती फट 6 मिलिमीटरच्या आत. सुटे तुकडे एकेक करून ठेवायचे असतील तर सरकता ट्रे, जो बाहेर ओढून तुकडा ठेवायचा आणि आत ढकलायचा. हे तुमचा टूलरूमवाला दोन-तीन दिवसांत करून देईल, साहित्य भंगारातून निघेल. शिवाय पिन, तिची स्प्रिंग आणि ब्रेकची पट्टी यांची झीज बघत राहा. डबल स्ट्रोक येतो तो इथून. पेडल एकदा दाबलं आणि रॅम दोनदा आला, असं कुणी सांगितलं तर त्या क्षणी ती प्रेस बंद करायची, शिफ्ट संपायची वाट पाहायची नाही. तुमच्या तर्जनीवाल्याच्या बाबतीत असं झालं होतं का, हे त्याच्याच तोंडून ऐका. ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) कागदावर "कामगाराचा निष्काळजीपणा" लिहिलं असेल, त्याला फारसा अर्थ नाही.

पूर्वी एका कारखान्यात दोन बटणांची प्रेस होती. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक येत नाही, म्हणजे हात बाहेर राहतात. फिरताना दिसलं की डाव्या बटणावर पुठ्ठ्याची घडी घालून वर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे. टेपच्या कडा मळून चिकट झाल्या होत्या, म्हणजे ती कालची नव्हती. ऑपरेटर दाहोदकडचा, पन्नाशीतला, कामाला पक्का. सुपरवायझर लगेच त्याच्यावर ओरडायला लागला. मी त्याला गप्प केलं आणि त्या काकांना म्हटलं, "काका, एकदा करून दाखवा ना, रोज कसं करता." त्यांनी पट्टी उचलली. चार फूट लांब, पुढचं टोक डायमध्ये, मागचं टोक हवेत लोंबतंय. डाव्या हाताने ते टोक धरलं नाही तर पट्टी वाकडी जाते, जॉब रिजेक्ट होतो आणि रिजेक्शनचे पैसे त्यांच्या रोजातून कापतात. म्हणाले, "साहेब, दोन्ही हात बटणावर ठेवले तर पट्टी कोण धरेल?" या प्रश्नाला त्या खात्यात कुणाकडेच उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी पट्टीखाली रोलरचा स्टँड लावला आणि टेप त्यांनी स्वतःच काढून टाकली. यात ट्रेनिंग काय दिलं? काहीच नाही. त्यांनी आम्हाला दिलं.

आता मनगट मोडलं तो अपघात. हे स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ड्रिलवर हातमोजे घालायचे नसतात. ड्रिल, लेथ, मिलिंग, जिथे जिथे काहीतरी उघडं फिरतं, तिथे मोजा हा हाताचा शत्रू आहे. नुसत्या बोटाला बिट लागलं तर कातडी फाटते, वाईट जखम होते, पण बोट सुटतं. मोज्याचा धागा अडकला तर तो अख्खा हात गुंडाळून घेतो. तुम्ही सगळ्यांना सरसकट मोजे वाटले त्यानंतरचा हा अपघात आहे की आधीचा, ते तारखा जुळवून बघा. पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट, गळ्यातला गमछा, हातातलं कडं, मनगटावरचा लाल-पिवळा धागा, हे सगळं याच यादीत येतं. धागा काढायला कुणाला सांगू नका, तो श्रद्धेचा मामला आहे. त्याला ड्रिलऐवजी दुसरं काम द्या किंवा त्याच्यावर घट्ट इलॅस्टिकची पट्टी चढवायला सांगा, ते मान्य होतं. आणि जॉब हातात धरून ड्रिल मारायचा नाही, वाइसमध्ये (शिकंज्यात) धरायचा. वाइस लावायला वेळ लागतो म्हणून लावत नाहीत. तेव्हा जॉब पटकन अडकवता येतील असे चार साइझचे फिक्श्चर करून ठेवा, मग हाताने धरणंच त्यांना जास्त अवघड वाटेल. पत्र्यावर, धारदार कडांवर मात्र मोजा हवाच, आणि तोही चांगला हवा, पंधरा रुपयांचा सुती नको.

ग्राइंडरचं सांगतो. फुटलेल्या चकतीचे तुकडे ठेवले असतील तर काढा आणि तिच्यावरचा आरपीएम (मिनिटाला किती फेऱ्या) वाचा. 4 इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11000 फेऱ्यांनी फिरतो. 7 इंची चकतीची मर्यादा 8500 च्या आसपास असते. आपल्याकडे सर्रास चालणारा प्रकार असा: 7 इंची मशीनवर झिजून लहान झालेली किंवा नवीच मोठी चकती, गार्ड काढून, 4 इंचीवर चढवायची. चकती मोठी म्हणजे काम लवकर. ती फुटते तेव्हा तुकडा गालावर बसला तर नशीब म्हणायचं, गळ्यावर बसतो तेव्हा टाके घालायला वेळ मिळत नाही. दुसरा प्रकार म्हणजे कटिंगची पातळ चकती आडवी धरून घासणं. ती चकती आडवा दाब सोसायला बनवलेलीच नसते. चकतीवर एक्सपायरी तारीख छापलेली असते, साधारण तीन वर्षांची. स्टोअरमध्ये ओलीत पडलेल्या चकत्या त्याआधीच फेकून द्या. उपाय शिकवण्यापेक्षा स्टोअरमध्ये आहे. 4 इंची मशीन देताना 4 इंचीच चकती द्यायची आणि गार्ड नसलेलं मशीन रात्री आत जमा करून घ्यायचंच नाही, दुरुस्तीच्या खोक्यात टाकायचं. स्टोअरकीपर एकदा पक्का झाला की वेल्डरना काही शिकवावं लागत नाही.

तिन्ही अपघात असे उलगडले की कळतं, दोन तासांच्या व्याख्यानाने यातला एकही टळला नसता. धोका मुळात काढून टाकणं, नाहीतर बदलणं, नाहीतर मशीनमध्येच आड घालणं, मग नियम आणि शिक्षण, आणि सगळ्यांत शेवटी अंगावर घालायच्या वस्तू, हा क्रम या व्यवसायात सगळे पाठ म्हणतात. कारखान्यात मात्र सुरुवात शेवटच्या पायरीवरून होते, कारण हेल्मेट आणि मोजे एका फोनवर येतात आणि फोटोतही छान दिसतात.

म्हणजे शिकवायचं नाही का? शिकवायचंच. फक्त मशीन सुधारल्यावर जे उरतं ते शिकवायचं, आणि ते मशीनशेजारी उभं राहून.

शिकवण्याची पद्धत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत एकदम लाखो नवखी माणसं कारखान्यांत आली, तेव्हा ती बसवली गेली. चार टप्पे: माणसाला तयार करा, काम करून दाखवा आणि सांगा, त्याच्याकडून करून घ्या, मग अधूनमधून येऊन बघा. आपल्याकडे पहिला आणि दुसरा टप्पा होतो, तिसऱ्याला सही घेतली जाते आणि चौथा होतच नाही. तिसरा टप्पा मी असा घेतो: माणसाला म्हणतो, मला काही येत नाही, तू मला शिकव. तो शिकवायला लागला की त्याला काय कळलं आणि काय नाही ते दोन मिनिटांत उघडं पडतं. "डाय बदलताना आधी काय करतोस?" यावर "मेन स्विच बंद" असं उत्तर येईल. मग विचारा, "आणि फ्लायव्हील?" स्विच बंद केल्यावरही ते बराच वेळ फिरत राहतं आणि तेवढ्यात पेडलवर पाय पडला तर स्ट्रोक येतो. हे ज्याला माहीत आहे तो आधी फ्लायव्हील थांबायची वाट बघेल, मग रॅमखाली ठोकळा लावेल आणि मगच हात घालेल. ठोकळा जवळ टांगलेला असेल तर. तो स्टोअरमध्ये असेल तर कुणी आणायला जात नाही.

स्विचला कुलूप हवं, आणि त्याची किल्ली ज्याचा हात आत आहे त्याच्याच खिशात. एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या सुपरवायझरकडे असतील तर ते कुलूप नाही. तुमच्या आठ प्रेसना, शिअरिंगला आणि पेंटिंगच्या कन्व्हेअरला मिळून बाराएक कुलपं लागतील. शेठना इतका खर्च जड नाही.

भाषेचं काय? आपण घरी मराठी बोलतो, ऑफिसात गुजराती, प्रेसशॉपमध्ये हिंदी. पण छोटा उदेपूरचा मुलगा गावात राठवी बोलतो, दाहोदचा भिली, पेंटिंगवाले बहुधा बिहारचे, वेल्डर ओडिशाचे. तुम्ही हिंदीत विचारलंत "समझ गए?" की सगळे मान हलवतात. ती मान आदराची असते, समजल्याची नसते. म्हणून शिकवणारा त्यांच्यातला हवा. प्रत्येक गटातला एक जण, ज्याचं बाकीचे ऐकतात असा, तुम्ही नीट तयार करा आणि त्याला ठेकेदाराच्या दरापेक्षा रोज थोडे पैसे जास्त द्या. ते पैसे वसूल होतात.

नव्या माणसाचे पहिले दिवस सगळ्यांत वाईट. त्याला आवाज कळत नाहीत, सवयी माहीत नसतात, आणि न येणारं काम "येतं" म्हणून सांगतो, कारण रोज बुडायला नको. त्याच्या हेल्मेटवर वेगळ्या रंगाची पट्टी लावा, म्हणजे लांबून दिसेल की हा नवा आहे. एक जुना जोडीदार द्या आणि महिनाभर प्रेसवर एकटा बसवू नका. ठेकेदाराला लिहून द्या की प्रेसवरचा माणूस आमच्या संमतीशिवाय बदलायचा नाही. आज आलेला, उद्या गेलेला, परवा तिसराच, असं चालू राहिलं तर तुम्ही वर्षभर शिकवत राहाल आणि शिकलेला माणूस शेजारच्या कारखान्यात काम करत असेल.

आता ज्याला खरं ट्रेनिंग हवं त्याच्याकडे येऊ. तो म्हणजे तुमचा शिफ्ट सुपरवायझर. कामगार भिंतीवरचा बोर्ड वाचत नाही, तो सुपरवायझरचा चेहरा वाचतो. गार्ड काढून काम चाललेलं पाहून सुपरवायझर नुसता पुढे गेला, तर त्या क्षणी त्याने दिलेलं ट्रेनिंग तुमच्या व्याख्यानापेक्षा पक्कं असतं. आणि तो पुढे का जातो? कारण संध्याकाळी त्याला विचारलं जातं, किती नग निघाले. एवढंच विचारलं जातं. महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत डिस्पॅच अडकलेला असताना त्याने प्रेस बंद करून गार्ड बसवायला लावला आणि त्याबद्दल त्याला शिव्या पडल्या, तर पुढच्या वर्षभरात तो तसं पुन्हा करणार नाही. शेठना हे तुम्हीच सांगायला हवं, आणि अपघाताच्या दिवशी सांगा, तेव्हा ते ऐकतात. सुपरवायझरने मशीन थांबवलं तर त्याला कारण विचारायचं नाही, हा निरोप शेठच्या तोंडून, सगळ्यांसमोर जायला हवा.

पीस रेटचंही बघा. नगावर पैसे आणि रिजेक्शनवर कापणी, हे दोन्ही असेल तर तुम्ही स्वतःच माणसाला गार्ड काढायचे पैसे देताय. पूर्ण बंद करता येणार नाही, मला कल्पना आहे. निदान प्रेसवर तरी रोजावर या.

"शून्य अपघात, प्रत्येकाला मिठाईचा डबा" अशी बक्षिसं कृपा करून ठेवू नका. त्याने अपघात थांबत नाहीत, अपघाताची खबर थांबते. बोटाला फडकं बांधून माणूस काम करत राहतो, कारण त्याच्यामुळे सगळ्यांचा डबा जाईल. त्याऐवजी जो "आज होता होता वाचलं" असं सांगायला येईल त्याला चहा पाजा आणि त्याचं म्हणणं दोन दिवसांत दुरुस्त करा. दोन दिवसांत. पंधरा दिवस लागले तर दुसऱ्यांदा कुणी येत नाही. 1931 मध्ये हाइनरिख नावाच्या अमेरिकन विमावाल्याने मांडणी केली होती की एका मोठ्या अपघातामागे 29 किरकोळ आणि 300 बिनइजेचे प्रसंग असतात. आकड्यांवर पुढे खूप वाद झाले आणि मीही ते आकडे वापरत नाही, पण तुमच्या प्रेसशॉपमध्ये बोट जाण्याआधी डबल स्ट्रोक कितीतरी वेळा आला असणार, हे मी पैजेवर सांगतो.

बडोद्याचं कॅलेंडर समोर ठेवून काही गोष्टी. व्याख्यानं देणारे बाहेरचे लोक हे सांगत नाहीत.

नवरात्रात तुमची निम्मी पोरं रात्री उशिरापर्यंत गरब्यात असतात आणि सकाळी सातला पहिल्या शिफ्टला उभी राहतात. डोळे उघडे, डोकं झोपलेलं. गरबा बंद करा असं कुणी म्हणू शकत नाही, म्हणणाऱ्याला बडोद्यात कुणी उभं करणार नाही. त्या नऊ दिवसांत पहिली शिफ्ट दोन तास उशिरा लावा किंवा प्रेस दुसऱ्या शिफ्टला चालवा आणि सकाळी पॅकिंग घ्या.

दिवाळीला कारखाना बंद होतो तो लाभ पाचमला (कार्तिक शुद्ध पंचमीला) मुहूर्तावर उघडतो. बंद काळात बाहेरचे फिटर, इलेक्ट्रिशियन येऊन मशीनं उघडतात. गार्ड काढतात, काम झाल्यावर दोन बोल्ट लावतात, चार डब्यात राहतात. मग पाचमच्या सकाळी नारळ फोडून, मशीनला कुंकू लावून, सगळ्या प्रेस एकदम सुरू. त्या दिवशी नारळाआधी गार्डांची फेरी घ्या, प्रत्येक प्रेस हाताने एक फेरी फिरवून बघा, आणि पहिल्या दिवशी टार्गेट ठेवूच नका.

जूनच्या आधी शेडचे पत्रे दुरुस्त करायची घाई होते. सिमेंटच्या पत्र्यावर माणूस चढवणं हा आपल्याकडच्या जीआयडीसीतला सगळ्यांत स्वस्त मृत्यू आहे. पत्रा वरून भक्कम दिसतो, पायाखाली फुटतो आणि खाली प्रेस असते. रोजंदारीवर आणलेला गवंडी "रोज चढतो साहेब" म्हणेल. पत्र्यावर थेट पाय पडता कामा नये. वाशांवर टेकलेल्या फळ्या किंवा शिडी टाका, खाली जाळी ताणा, वर आडवी दोरी बांधून त्याला पूर्ण अंगाचा हार्नेस अडकवा. नुसत्या कमरेचा पट्टा नको, त्याने पाठ मोडते. आणि शेड बुटकी असेल तर हिशेब करा: 1.8 मीटरची दोरी, वरून धक्का शोषणारा भाग उघडतो, वर माणसाची उंची. असे मिळून साडेपाच मीटरच्या आसपास मोकळी जागा खाली नसेल, तर हार्नेस घालूनही माणूस जमिनीला लागतो. तिथे दोरी आखूड करा किंवा काम खालून मचाण बांधून करा. उत्तरायणाला (संक्रांतीला) पोरं पतंग काढायला याच पत्र्यांवर चढतात. त्या दोन दिवसांत शिडी कुलपात.

ऑगस्ट 2024 चा विश्वामित्रीचा पूर तुम्ही पाहिला असेलच. पाणी ओसरल्यावर घाईघाईत पॅनेलला हेअरड्रायर लावून मेन टाकणारे मला माहीत आहेत. मोटर आणि केबलचं इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) तपासल्याशिवाय वीज द्यायची नाही. ग्राइंडर, हातातला ड्रिल आणि वेल्डिंगचे एक्स्टेन्शन बोर्ड 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवर) असायलाच हवेत, पूर असो वा नसो. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. दाबूनही ट्रिप होत नसेल तर तो डबा भिंतीवरचं फक्त वजन आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पेंटिंगच्या आधी पत्रा धुवायला टाक्या असणार, आणि त्यांचं पाणी कुठल्यातरी खड्ड्यात जमत असणार. तो खड्डा धोक्याचा, आणि पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकीसुद्धा. गुदमरण्याच्या अपघातांत मरणारे बऱ्याचदा दोन असतात: एक उतरलेला आणि एक त्याला काढायला उतरलेला. हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली आला की माणूस आत जायचा नाही. सडक्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो म्हणून लोक म्हणतात वास आला की बाहेर येऊ. पण प्रमाण शंभर पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर) आसपास गेलं की नाक तो वास ओळखणंच बंद करतं. वास गेला म्हणजे हवा साफ झाली असं वाटतं, तेव्हाच ती सगळ्यांत वाईट असते. मेणबत्ती, उंदीर, बादलीभर पाणी हलवणं, असले उपाय नकोत. मीटर भाड्याने मिळतो. वर एक माणूस कायम उभा, खालच्याच्या अंगाला दोरी, आणि वरच्याने कुठल्याही परिस्थितीत खाली उतरायचं नाही. हे शेवटचं वाक्य प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घ्या, कारण भाऊ खाली पडलेला दिसला की कुणी थांबत नाही. मीटर आणणार नसाल तर टाकी वरून जेटने धुवा, आत माणूसच नको.

वर्षातून किती वेळा, हा तुमचा प्रश्न उरला. वर्षाचा हिशेब सोडा. रोज शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटं, त्या दिवसाच्या कामावर, त्याच मशीनपाशी. आठवड्यात एक मशीन निवडून त्याचे चार प्रश्न. महिन्यातून एकदा तुम्ही, शेठ आणि दोन कामगार मिळून अर्धा तास कारखाना फिरायचा, कागद हातात न घेता, आणि कामगारांनी दाखवायचं, तुम्ही बघायचं. आग विझवायचा सराव मात्र खरा करा: पत्र्याच्या ट्रेमध्ये थोडं डिझेल पेटवून प्रत्येकाला एकदा तरी आग विझवायचा सिलिंडर चालवू द्या. पिन काढायची असते हे पहिल्यांदा आगीसमोर कळू नये. पेंटिंगच्या खात्यात स्फोटाची भीती थिनरच्या वाफेची असते, तेव्हा तिथलं स्विच, पंखा आणि मोबाइल चार्जर आधी बघा, सराव नंतर.

बाहेरची एजन्सी बोलवायचीच असेल तर 4 मार्चच्या सुरक्षा दिनाला नको, त्या आठवड्यात सगळ्यांकडे गर्दी असते आणि तुम्हाला सगळीकडे फिरणारी तीच स्लाइड मिळेल. इतर कधीही बोलवा, आणि एकच अट घाला: आधी एक पूर्ण शिफ्ट आमच्या प्रेसशॉपमध्ये उभं राहायचं, मग बोलायचं. जो याला नाही म्हणेल त्याला पैसे देऊ नका. ते पैसे पट्टीच्या स्टँडला आणि कुलपांना लावा, आणि या आठवड्यात आठही प्रेसच्या क्लचचा प्रकार आणि ब्रेकची स्थिती एका वहीत लिहून काढा. ती वही झाली की कुठल्या प्रेसला काय गार्ड, ते आपण पुढे बोलू.